पाळी जाण्याच्या वयात छातीला गाठ लागली तर



दोन वर्षांपूर्वीच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट आहे. विहारात सकाळची वंदना आटोपली होती, बाहेर पंचशील ध्वजाखाली पोरांची धावपळ चालली होती आणि मागच्या पडवीत आम्ही चौघीजणी खिरीच्या पातेल्यापाशी बसलो होतो. त्यांतल्या एक मावशी, वय एकोणपन्नास, शाळेत खिचडी शिजवायचे काम करतात, पदराने घाम पुसत आमच्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, डाव्या अंगाला काखेच्या बाजूला काहीतरी लागतंय हाताला. बोराएवढं. दुखत मात्र नाही बघा अजिबात." आम्ही त्यांना बाजूला नेले नाही, की आणखी काही विचारले नाही. पळी फिरवता फिरवताच सांगून टाकले, "पाळी जायच्या वेळेला असल्या गाठीगुठी होतात. त्या गोळ्या घेताय ना तुम्ही, त्यानंच झालं असेल. बंद करा, आपोआप जिरेल."

मावशींनी आमचा शब्द मानला. महिला मंडळाचे काम करणारी, ऑफिसात कागद रंगवणारी, चार बुकं शिकलेली बाई सांगते म्हणजे खरेच असणार! त्यानंतर पाच महिन्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीला निघालो असता रात्रीच्या गाडीत त्यांनी आमचा हात धरून ती जागा दाखवली. गाठ लिंबाएवढी झाली होती आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसत होती. दुखत तेव्हाही नव्हते.

परत आल्यावर पुढचे सगळे झाले. तपासणी, सुई, ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा शेक. मावशी आज आपल्यात आहेत, विहारात येतात, रोज एक गोळी घेतात. आम्हाला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कदाचित हा लेख लिहिण्याची गरज वाटली नसती.

आता त्या गोळ्यांविषयी. मावशींची पाळी दीड वर्ष मागेपुढे होत होती. रात्री अंगातून जाळ निघायचा, घामाने चादर भिजायची, झोप नाही, सकाळी उठून दीडशे पोरांची खिचडी. शेजारणीने एका खाजगी दवाखान्याचे नाव सांगितले. तिथे पाच मिनिटांत हार्मोनच्या गोळ्या लिहून मिळाल्या. छाती तपासली नाही, घरात कोणाला कॅन्सर झाला होता का विचारले नाही, परत कधी यायचे तेही सांगितले नाही. गोळ्यांनी आराम पडला, हे खरे. आठ दिवसांत झोप लागू लागली. मग ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मावशी दर महिन्याला औषधाच्या दुकानात जायच्या आणि दुकानदार पाकीट काढून द्यायचा. अशी दोन वर्षे गेली. कायद्याने ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. पण एकाच जुन्या चिठ्ठीवर चोवीस महिने औषध विकले, तर तो कायदा नावालाच उरतो.

गोळ्या काय करतात

बाईच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन असे दोन मुख्य स्राव रक्तात येतात. त्यांनाच आपण हार्मोन म्हणतो. आपल्या देशात साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीस या वयात ते आटतात, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षे आधीच. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असे डॉक्टर धरतात. (त्यानंतर एकदाही रक्त दिसले तर ते "परत आली" म्हणून सोडून देऊ नये, लगेच दाखवावे.) आटण्याच्या आधीची दोन-चार वर्षे हे स्राव कधी फार वाढतात, कधी एकदम घसरतात. त्या चढउतारात छाती जड होते, ठणकते, पाण्याने भरलेल्या गाठी होतात. त्यांना सिस्ट म्हणतात. पाळी गेल्यावर छातीतल्या दुधाच्या ग्रंथी आकसतात, त्यांच्या जागी चरबी येते आणि बहुतेक सिस्ट आपोआप बसतात.

बाहेरून हार्मोनची गोळी घेतली की ग्रंथींना "काम चालू ठेवा" असा हुकूम मिळत राहतो. त्यामुळे छाती भरीव राहते, ठणकते, सिस्टही मागे राहू शकतात. म्हणून गोळ्या घेणाऱ्या बाईला गाठ लागली तर ती गोळ्यांची असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. आमचे नेमके इथेच चुकले. गोळ्यांनी साधी गाठ होऊ शकते, हे खरे. पण गोळ्या घेणाऱ्या बाईला कॅन्सरची गाठही होऊ शकते, आणि दोन्ही गाठी बोटाला सारख्याच लागतात.

त्याच वर्षी आमच्या एका वहिनींनाही गाठ लागली होती, तीही बोराएवढीच. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, सुई घातली, पिवळसर पाणी निघाले आणि टेबलावरच गाठ नाहीशी झाली. वहिनी संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापत होत्या. बोराएवढ्या या दोन गाठींपैकी कोणती कुठली, हे खिरीच्या पातेल्यापाशी बसून सांगणारे आम्ही कोण?

एक मात्र ध्यानात ठेवावे. तरुण पोरींच्या छातीतल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. पाळी गेल्यानंतर नवी गाठ लागली तर ती कॅन्सरची असण्याचा संभव वाढलेला असतो. आणि "दुखत नाही म्हणजे काही नाही" हा समज अगदी उलटा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

हिशेब

गोळ्यांनी कॅन्सर होतो का, या प्रश्नावर बायकांमध्ये दोन टोके दिसतात. एक म्हणते विष आहे, दुसरी म्हणते टॉनिक आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकडे मांडून बघायची सवय. तेव्हा आधी थोडा इतिहास, मग आकडे.

१९४२ साली अमेरिकेत प्रेमारिन नावाची गोळी आली. गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेले इस्ट्रोजेन तिच्यात असते, आणि नावही त्याच इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेले आहे. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टराने "फेमिनाइन फॉरएव्हर" हे पुस्तक लिहिले. पाळी जाणे हा रोग आहे आणि गोळ्या घेतल्या नाहीत तर बाई बाई राहत नाही, असा त्याचा सूर. खप प्रचंड वाढला. १९७५ साली लक्षात आले की नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त होतो. म्हणून गर्भाशय असलेल्या बाईला त्यासोबत प्रोजेस्टेरॉनसारखे दुसरे औषध देऊ लागले.

पाळी जाणे म्हणजे बाईपण संपणे, हा विचार काही फक्त त्या अमेरिकन डॉक्टराचा नाही. आपल्याकडे पाळी असताना विटाळ आणि गेली की "आता काय, संपलं" असे ऐकवणारे घरोघर आहेत. ज्या आम्रपालीच्या रूपाची ख्याती होती, त्याच आम्रपालीने भिक्खुणी झाल्यावर थेरीगाथेत आपल्या म्हाताऱ्या झालेल्या शरीराचे एकेक अंग घेऊन वर्णन केले आहे. त्यात केस आहेत, दात आहेत, छातीही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थेरीला जे बोलायला लाज वाटली नाही, ते आम्ही डॉक्टरपुढेही बोलत नाही.

असो. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या पाहणीत १६,६०८ बायकांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन्ही हार्मोनांची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सरासरी पाच वर्षांनंतर, जुलै २००२ मध्ये, ती पाहणी मुदतीपूर्वी थांबवली. हिशेब असा निघाला: बिनऔषधाच्या गटात दर १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. वर्तमानपत्रांनी छापले, "धोका २६ टक्क्यांनी वाढला". तेही बरोबर आहे. पण दहा हजारांत आठ असे सांगितले तर बाई विचार करते, आणि २६ टक्के सांगितले तर ती घाबरते. त्याच पाहणीत पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही थोड्या वाढलेल्या दिसल्या. कमरेच्या हाडाचे मोडणे आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र थोडे कमी झाले.

पुढे दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, त्या पाहणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीत त्रास होतो म्हणून गोळी घेणारी बाई आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदा घेणारी बाई यांचा हिशेब एक नाही. दुसरी, ज्यांचे गर्भाशय काढलेले होते अशा १०,७३९ बायकांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते. ती पाहणी २००४ साली पक्षाघात वाढल्यामुळे थांबली, पण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

२०१९ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. पाश्चात्त्य देशांतल्या, पन्नाशीला गोळ्या सुरू करून पाच वर्षे घेणाऱ्या बायकांचा तो अंदाज आहे. दोन्ही औषधे रोज घेतली तर दर ५० जणींमागे एक जास्तीचा कॅन्सर, नुसते इस्ट्रोजेन घेतले तर २०० जणींमागे एक. म्हणजे नुसत्या इस्ट्रोजेनबाबत या दोन हिशेबांचा मेळ पुरता बसत नाही. पण दोन औषधांचा धोका एका औषधापेक्षा जास्त, यावर दोघांचे एकमत आहे. जितकी वर्षे गोळ्या चालू तितका धोका वाढतो आणि बंद केल्यावरही काही वर्षे थोडा राहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे हृदयरोग आणि स्तनाच्या कॅन्सरविषयीचे मोठे चौकटीतले इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला, कारण त्या भीतीने गरजू बायकाही औषधापासून दूर राहिल्या. आमच्या मते इशारा चौकटीत असो की नसो, आमच्या मावशींसारख्यांना तो वाचता येत नव्हता आणि कोणी वाचूनही दाखवला नव्हता.

मावशींच्या डॉक्टरांना आम्ही स्पष्ट विचारले, हे गोळ्यांनीच झाले का? ते म्हणाले, दहा हजारांचा हिशेब एका बाईला लावता येत नाही. गोळ्या न घेता झाला असता का, कोणी सांगू शकत नाही. मात्र काढलेल्या गाठीची तपासणी झाली तेव्हा ती हार्मोनवर वाढणाऱ्या जातीची निघाली. म्हणून मावशी आता जी रोजची गोळी घेतात ती हार्मोनचे काम अडवणारी आहे. आधी दोन वर्षे हार्मोन घातले आणि आता कित्येक वर्षे ते अडवायचे!

यावरून गोळ्या घेऊच नयेत असे आम्ही म्हणत नाही. ज्या बाईची झोप उडाली आहे, जिला कामावर उभे राहवत नाही, तिला हार्मोनइतका आराम दुसऱ्या कशाने पडत नाही. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, तपासून, कमीत कमी मात्रेत, दरवर्षी डॉक्टरला दाखवून घेतल्या तर पुष्कळ बायकांना फायदाच अधिक आहे. पण छातीत न तपासलेली गाठ असेल, स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर या गोळ्या द्यायच्या नसतात. गोळ्या चालू असताना गाठ लागली तर त्या परस्पर बंद करून वाट बघत बसणे हा उपाय नव्हे. आधी गाठ तपासायची. गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर मागाहून सांगतील.

इथे आपल्या उसतोड कामगार भगिनींची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बीड जिल्ह्यातल्या उसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची चौकशी करायला शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींची तिशीही उलटलेली नव्हती. पाळीचा खाडा पडतो, मुकादम दंड लावतो, म्हणून पिशवीच काढून टाकायची! अशा ऑपरेशनात अंडाशयही काढले असेल तर पंचेचाळिशीला सावकाश येणारी गोष्ट पंचविशी-तिशीत एका दिवसात येते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. दुसरी मनाई नसेल तर अशा बाईला पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देणे योग्य, असे वैद्यकशास्त्र सांगते. गर्भाशय नसल्याने तिला नुसते इस्ट्रोजेन पुरते. म्हणजे जिला त्या गोळीची खरी गरज, तिला तिचे नावही ठाऊक नाही, आणि शहरात एका चिठ्ठीवर दोन वर्षे गोळ्या विकल्या जातात. गावाकडे अशी बहीण, भावजय असेल तर तिच्या ऑपरेशनचा कागद शोधा. अंडाशय ठेवले की काढले, हे त्यावर लिहिलेले असते.

तपासणी म्हणजे तीन गोष्टी: डॉक्टरने हाताने तपासणे, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुई घालून तुकडा काढणे. या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे निदान पक्के. मॅमोग्राफीत छाती दोन पाट्यांमध्ये दाबतात, क्षणभर दुखते. फोटो काढणाऱ्या बाईंना हार्मोनच्या गोळ्या चालू असल्याचे आधीच सांगावे. गोळ्यांनी छाती भरीव राहते, भरीव भाग फोटोत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. सुई टोचली की कॅन्सर पसरतो असे म्हणणाऱ्यांनी आजवर किती बायकांना घरी बसवले असेल! सुई टोचल्याने कॅन्सर अंगभर पसरत नाही. तो पसरतो वाट बघत राहिल्याने.

आता कोणी म्हणेल, हे मोठ्या लोकांचे चोचले, वस्तीतल्या बाईला कोण तपासणार? त्यांच्यासाठी मुंबईचीच हकीकत आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांहून अधिक बायकांची पाहणी केली. यंत्र नाही की काही नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासायच्या. वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत तपासणी झाली तिथे कॅन्सर आधीच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही.

याउलट शांघायच्या कापडगिरण्यांतल्या दोन लाख ६६ हजार कामगार बायकांचा अनुभव. त्यांच्यापैकी निम्म्यांना स्वतःची छाती स्वतः तपासायला शिकवले होते. २००२ साली निकाल आला, मृत्यू काही कमी झाले नव्हते. म्हणून घरी आरशापुढे बघणे चांगले, आपली छाती आपल्या ओळखीची व्हावी, पण ते शिकलेल्या हाताच्या तपासणीची जागा घेत नाही. घरी बघताना आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, बोटांच्या पेरांनी, काखेपर्यंत बघावे. गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त, यांतले काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टर. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर चार-पाच दिवसांनी बघावे. पाळी गेलेल्या भगिनींनी पौर्णिमा धरावी. विहारात जायचे लक्षात राहते, तसे हेही राहील.

शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या बाईची छाती तपासून देण्याची तरतूद आहे. आशाताईला विचारा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. निदान झालेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसते. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांवरचे नाव एकच आहे का, ते आजच बघून ठेवा. मावशींचे नाव एकावर माहेरचे होते आणि त्या दुरुस्तीत अकरा दिवस गेले. आजार बघून ते कोणी मागे-पुढे केले नाहीत.

पुरुष वाचकांनी हे बायकांचे पान म्हणून उलटून टाकू नये. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला होता, तो फेटाळला गेला. बाईच्या शरीराचा प्रश्न भर सभेत मांडायला त्या वेळी आपले पुढारी कचरले नव्हते. घरातल्या बाईला सकाळची बाह्यरुग्ण विभागाची रांग धरायला एक दिवसाची मोकळीक देणे त्याहून सोपे आहे.

आमच्या महिला मंडळाने गेल्या वर्षावासापासून एक केले आहे. वस्तीत राहणाऱ्या एक निवृत्त सिस्टरताई महिन्यातून एकदा पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत बसतात. पडदा आहे, बाक आहे, वही आहे. पहिल्या महिन्यात तिघीच आल्या, त्याही एकमेकींचा हात धरून. आता वीस-बावीस येतात. आजवर चौघींना पुढे पाठवले. तिघींच्या गाठी साध्या निघाल्या. चौथीचे ऑपरेशन मागच्या महिन्यात झाले, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती आणि काखेत काही सापडले नाही. दाराशी बसून नावे लिहून घेण्याचे काम मावशी करतात. कोणी आत जायला लाजली तर त्या आपली कहाणी सांगतात, आणि कोणी सल्ला दिला होता ते तेवढे गाळतात.